पोरगा मोकळा हाय

“ती घरीच असती जी. फिरतीच्या कामाला आम्ही न्हाई पाठवत तिला. पण पोरगा मोकळा हाय.”

पप्पा समोरच्या खोलीत फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आमच्या जालन्यातल्या घरात या दोन खोल्यांमध्ये दार नाही, पडदा आहे, आणि पडद्याने आवाज अडत नाही. पप्पा दुपारी दुकानातून जेवायला आले होते आणि आई त्यांचं ताट वाढत होती.

“त्याचं बी बीएस्सीच झालंय साहेब. हाव. हाव. शनिवारी अकरा वाजता. बराबर. पाठवतो म्हणजे काय, मीच घिऊन येतो.”

‘फिरतीच्या कामाला’ हे शब्द ऐकले तेव्हाच माझे हात थांबले होते. तीन आठवड्यांपूर्वी मी एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज केला होता. गावोगावच्या शेतांत कंपनीचं बियाणं तयार करायचे प्लॉट असतात. ते फिरून तपासायचे, असं ते काम. माझं बीएस्सी ॲग्री झालं होतं, गाडीचं लायसन्स होतं, आणि जाहिरातीत एवढंच मागितलं होतं. घरात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जागा मिळाली तर सांगू, नाही मिळाली तर सांगायची वेळच येणार नाही, असं ठरवलं होतं.

फक्त अर्जातल्या मोबाईलच्या रकान्यात मी पप्पांचा नंबर लिहिला होता.

अकरावीत असताना एका क्लासच्या फॉर्मवरून माझा नंबर कुणाच्या तरी हाती लागला आणि आठवडाभर मेसेज येत राहिले. तेव्हापासून माझ्या नंबरच्या जागी पप्पांचा नंबर जातो. असा नियम कुणी बोलून केला नाही. कॉलेजचा प्रवेश, परीक्षेचे अर्ज, लायसन्स, सगळीकडे तेच दहा आकडे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलींचं असंच होतं. हात आपोआप लिहितो. ज्या अर्जाचा घरात पत्ता लागू द्यायचा नव्हता, त्यावरही मी तोच नंबर लिहून आले. तीन आठवडे मी ज्या फोनची वाट बघत होते, तो शेवटी आला आणि पप्पांनी तो घेऊन ठेवलासुद्धा.

पप्पा पडदा सारून आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी ऊन पडल्यासारखं झालं होतं.

“ऐकलं का गं? बियाण्याच्या कंपनीचा साहेब व्हता. हिचं नाव घिऊन विचारत व्हता. कॉलेजवाल्यांनी यादी दिली असंल, पोरीचीबी नावं टाकतेत ते. मी म्हणलं, साहेब, ही न्हाई, पण हा बघा. पोराला घ्या.”

“मंग?” आईच्या हातात पळी तशीच.

“मंग काय, म्हणला पाठवा, बघू.”

आईने पळी भांड्यात ठेवून हात जोडले. मग मला म्हणाली, “बघती काय बाई? दादाला फोन लाव जल्दी.”

मी पिठाच्या बोटांनी दादाचा नंबर लावला आणि फोन आईच्या कानाला धरला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य तयारही होतं. पण माझी वाक्यं तयार होऊन बसतात आणि तोवर त्यांची वेळ निघून जाते. ही सवय शाळेतली आहे. पप्पांनी आम्हा दोघांनाही इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यांच्या दुकानातले बाकीचे लोक हसायचे, “पोरीलाबी?” पप्पा म्हणायचे, “दोघं एका रिक्षात जातेत, एका शाळेत शिकतेन.” याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्या शाळेत वर्गात मराठी बोललेल्यांची नावं मॉनिटर फळ्यावर लिहायचा. दादाचं नाव रोज असायचं. माझं चार वर्षांत एकदाही आलं नाही आणि वार्षिक कार्यक्रमात बाईंनी मला त्यासाठी बक्षीस दिलं. मी इंग्रजी बोलत होते असं त्यांना वाटलं. मी बोलतच नव्हते. मनात मराठी वाक्य यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, ते बरोबर आहे का ते तपासायचं, आणि मान वर केली की विषय बदललेला असायचा.

त्या बुधवारीही तसंच झालं. पप्पा जेवून दुकानात गेलेसुद्धा.

पप्पांचा मला राग आला नाही, किंवा आला तो नीट उभा राहू शकला नाही, कारण त्यांनी असं का केलं ते मला माहीत होतं. जुन्या जालन्यात कापडाच्या एका होलसेल दुकानात ते तीस वर्षांपासून गिऱ्हाईक बघतात. लहानपणी सुट्टीत मी तिथे गादीच्या कोपऱ्यात बसायचे. गल्लीत ऑटोवाल्यांचा गोंगाट आणि आत पप्पांचा शांत आवाज. कुणी मेंदी रंग मागितला आणि तो नसला, तर पप्पा “नाही” म्हणत नसत. “बिलकुल तसाच बघा” म्हणत दुसऱ्याच हिरव्या रंगाचा तागा असा उलगडायचे, की माणूस आधीचा रंग विसरून जायचा. “गिऱ्हाईक उठू द्यायचं न्हाई,” हे त्यांचं काम. फोनवरच्या साहेबांनी एक रंग मागितला, पप्पांनी दुसरा उलगडून दाखवला. त्यात माझं काही गेलं असेल हे त्यांच्या ध्यानात यायला, ते माझं होतं हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि दादाची काळजी तर खरीच होती. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाला आणि चार वर्षांपासून संभाजीनगरला एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देत होता. शेजारच्या मावशी गच्चीवर कपडे वाळत घालताना आईला विचारायच्या.

“पोरगा काय करून राह्यला?”

“तयारी करून राह्यला.”

“अन् पोरगी?”

“ती घरीच असती.”

दोघांनाही नोकरी नव्हती. पण त्याच्या नोकरी नसण्याला एक नाव होतं, दुसऱ्या शहरात त्याची एक खुर्ची आणि एक टेबललॅम्प होता. त्याची चिंता घरात चोवीस तास जागी असायची. माझी चिंता कुणी करत नव्हतं, आणि यातलं काय बरं आणि काय वाईट हे मला ठरवता येत नव्हतं. माझं रिकामपण दिसायचंच नाही, कारण माझे हात कधी रिकामे नसायचे. सकाळचा स्वयंपाक, पाणी भरणं, आईचं बीपी, मावशींच्या मुलीचा इंग्रजीचा अभ्यास. डिग्री होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात मला एकदाही कुणी ‘बेकार’ म्हटलं नाही. दादाला म्हणायचे. तोंडावर नाही, पण म्हणायचे.

त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. म्हणजे मुलीकडचे घरी येतच नसत. मध्यस्थाला फोनवर विचारत, “पोरगा नोकरीला हाय का?” आणि तिथेच संपायचं. हसनाबादकडच्या पाहुण्यांनी तर सांगितलं, “शेती हाय, घर हाय, ते ठीक. पर पोरगा सकाळी उठून जातो कुठं?” हे वाक्य आईने मनात धरून ठेवलं होतं. दिवाळीत दादा उशिरा उठला तेव्हा ती ते स्वतःशीच पुटपुटली होती आणि त्याने ते ऐकलं होतं.

मला ‘ॲग्री’ला घातलं तेही शेतीसाठी नव्हतं. सरकारी कॉलेज जवळ होतं आणि ‘ॲग्री केलं की बँकेच्या परीक्षेला बसता येतं’ असं पप्पांना कुणीतरी सांगितलं होतं. शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचं असतं, तिथेही मुलं शेतात जायची आणि अहवालाची वही मुलींकडे असायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून आमच्या गटाची वही माझ्याकडे. निकालानंतर वर्गातली मुलं बियाण्यांच्या आणि खतांच्या कंपन्यांत लागली, बुलेटवरचे फोटो टाकू लागली. मुली बँकेच्या क्लासला गेल्या, दोघी-तिघी बीएडला, बाकीच्यांच्या लग्नाच्या पत्रिका ग्रुपवर आल्या. कुणी कुणावर जबरदस्ती केली असं नाही. सगळे आपापल्या ओळीत जाऊन उभे राहिले.

मला मात्र ते फिरतीचंच काम हवं होतं. कारण सांगितलं तर हसू येईल. कुंभार पिंपळगावच्या बाजूला आमचं गाव, तिथे काका शेती करतात. सातवी-आठवीत सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत गेले की काकू मला कापसाच्या सीड प्लॉटवर न्यायची. तिथे बायका ‘क्रॉसिंग’ करायच्या. दुपारनंतर मादी झाडाची उद्या उमलणारी कळी नखाने सोलून तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा, खुणेला दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं. हजारो कळ्या, एकेक करून. नराच्या ओळी एका कडेला, थोड्याच. काकू कमरेवर हात ठेवून म्हणायची, “बघ बाई, नराच्या चार वळी अन् मादीचं अख्खं वावर. काम कोणाला जास्त, सांग.” आणि सगळ्या बायका हसायच्या.

मग बांधावर मोटरसायकल थांबायची. कंपनीचा साहेब. टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. तो ओळींमधून चालायचा, एखादी कळी उचकटून बघायचा, “ही राहिली ना मावशी” म्हणायचा. एकदा त्याने एक वेगळं झाड उपटून काढलं, भेसळ होती म्हणे. मला ते पानांवरून दिसलं होतं, त्याच्याही आधी. मी बोलले नाही. पण तेव्हापासून मला त्या वहीचा हेवा वाटतो. ती वही घेऊन फिरायचं. कळ्या सोलणाऱ्या सगळ्या बाया आणि तपासणारे सगळे बाप्ये, हे तेव्हा मला इतकं साधं वाटलं होतं, की मी मोठी होऊन बाप्याच होणार असं काहीतरी मनात धरून चालले होते.

गुरुवारी दुपारी पप्पांच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला. इंग्रजीत. पप्पांनी फोन माझ्या हातात दिला. “वाच बरं, काय म्हणतेत.”

पहिल्या ओळीत ‘डिअर मिस’ आणि पुढे माझं पूर्ण नाव होतं. नंतर अर्ज मिळाल्याचा उल्लेख, मुलाखतीचा वार, वेळ, एमआयडीसीतला पत्ता, सोबत आणायची कागदपत्रं.

मी वाचलं. “शनिवारी अकरा वाजता. ओरिजिनल मार्कशीट आणायचेत. लायसन्स आणायचंय. दोन फोटो.”

“आन् वर काय लिव्हलंय?”

“असंच. नमस्कार वगैरे.”

पप्पांनी फोन खिशात टाकला. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्याले. आतापर्यंत मी फक्त गप्प राहिले होते. आता मी स्वतःच माझं नाव गाळलं होतं. का, ते मला आजही अर्धंच कळलंय. पप्पांचा चेहरा पडेल ही भीती होती. ‘आम्हाला न विचारता?’ या प्रश्नाची भीती होती. आणि सर्वांत खाली, दादाच्या तोंडचा घास काढून घेतेय असं कुणी म्हणेल ही भीती. घास माझाच होता, पण ताट त्याच्यापुढे मांडून झालं होतं.

दादा त्याच संध्याकाळी आला. दारातूनच म्हणाला, “काय टॉपर, तुझ्या खात्यात घुसून राह्यलो मी. चालंल ना?”

मी हसले.

शुक्रवारी सकाळी मी त्याचा बायोडेटा टाईप केला. इंग्रजी चांगलं म्हणून घरातलं असलं सगळं काम माझ्याकडेच येतं. तो खाटेवर लोळत सांगत होता, मी फोनवर लिहीत होते. ‘कामाचा अनुभव’ या ठिकाणी आम्ही दोघं थांबलो.

“चार वर्षं काय लिहू?” मी विचारलं.

“लिही, बसून राह्यला.” मग तो उठून बसला. “खरंच, काय विचारतेन गं ते? मला तर ज्वारी अन् मक्यातबी उगवल्यावर फरक कळत न्हाई.”

मी त्याला शिकवायला बसले. उगवणशक्ती कशी तपासतात, दोन प्लॉटमध्ये अंतर का सोडतात, नराच्या ओळींना खूण का करायची, भेसळीचं झाड कशावरून ओळखायचं. मी कागदावर कळीचं चित्र काढलं. बोलत गेले. इतकं सलग मी त्या घरात कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. आई दोनदा पडद्यातून डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, “बघा, मास्तरीण हाय पुरी. म्हणूनच म्हणते बीएड कर.”

दादा माझ्याकडे बघत राहिला. “तुला कसं माहीत, हेच विचारतेन म्हणून?”

“अंदाज,” मी म्हणाले.

त्या दिवशी आठवड्याने नळाला पाणी येणार होतं. चारच्या सुमाराला पाणी आलं, मी गच्चीवर पाईप धरून ड्रम भरत होते. दादा वर आला. त्याच्या हातात पप्पांचा फोन होता. पत्ता स्वतःच्या फोनवर घ्यायला त्याने तो मागून घेतला असणार. त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली.

“मी मिस कधीपास्नं झालो?”

पाईप माझ्या हातून ड्रमच्या बाहेर गेला. पाणी त्याच्या पायांवर पडलं, तरी तो हलला नाही.

“यादीबिदी काही न्हाई ना? तू अर्ज केल्ता.”

मी हो म्हणून मान हलवली.

“मंग सांगितलं का न्हाई?”

मी पाईप परत ड्रममध्ये घातला. तो कठड्यावर बसला. ड्रम भरत जाईल तसा पाणी पडण्याचा आवाज बदलत होता.

“हे बघ,” तो शेवटी म्हणाला, “मला त्या झाडाफुलातलं काही कळत न्हाई, ते खरंय. पण मला बी लागती गं नोकरी. तिथं अभ्यासिकेत माझ्याहून लहान पोरं आलेत आता. मला काका म्हणतेत. घरी आलो की आई माझ्याकडं अशी बघती, की मी पाहुणा हाय अन् जायचं नाव घिऊन न्हाई राह्यलो.” तो थांबला. “तुला तसं कुणी बघत न्हाई. तुला नुसतं घरात ठिवतेत.”

“नुसतं?” मी म्हणाले. एवढाच एक शब्द.

तो जरा ओशाळला. “तसं न्हाई म्हणायचं मला.” मग उठला, पँट वर दुमडली, ड्रमवर झाकण सरकवायला मला हात दिला. “मी पप्पाला सांगणार न्हाई. मी सांगितलं तर म्हणतेन, पोरगं घाबरलं, बहिणीचं नाव पुढं करून राह्यलं. तुला सांगायचं असंल तर सांग. न्हाई सांगितलं तर मी उद्या जातो. तिथं जे व्हईल ते व्हईल.”

तो खाली गेला. मला वाटलं होतं तो माझ्यासाठी बोलेल, किंवा मग चिडेल. दोन्ही सोपं झालं असतं. त्याने निर्णय माझ्या ओल्या हातात ठेवला आणि निघून गेला. मला तेव्हा तो दुष्ट वाटला. आता वाटतं, त्या घरात तेवढ्या एकाच वेळी कुणीतरी मला ‘तू ठरव’ म्हणालं होतं.

संध्याकाळी मी त्याचा शर्ट इस्त्री केला. पप्पांनी दुकानातून आणलेल्या कापडाचा, फिकट निळा, मागच्या वर्षी एका परीक्षेसाठी शिवलेला. कॉलर करताना मी मनात वाक्य जुळवत होते. आधी मराठीत, मग कुणास ठाऊक का, इंग्रजीत. इंग्रजीत ते सोपं होतं. ‘आय हॅड अप्लाईड.’ तीन शब्द. पण ते घरात कुणाला सांगणार?

पप्पा जेवताना खुशीत होते. मालकाला सांगून शनिवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. तीस वर्षांत त्यांनी अशा सुट्ट्या किती घेतल्या असतील ते मला एका हाताच्या बोटांवर सांगता येईल. “साहेब सादा माणूस वाटला,” ते सांगत होते. “हिचं नाव घिऊन म्हणला, आम्हाला तीच पाहिजे व्हती, तिचे मार्क चांगले. मी म्हणलं, अहो एकाच घरातलं शिक्षण हाय ते.”

दादाने ताटातून मान वर केली नाही. आम्हाला तीच पाहिजे होती. हे वाक्य बुधवारपासून पप्पांच्या खिशात पडून होतं आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी लवकर उठले. केस विंचरले. कपाटातून कॉलेजची फाईल काढून पलंगावर ठेवली, मग गादीखाली सरकवली. मार्कशीटा, लायसन्स, दोन फोटो. सगळं गुरुवारीच लावून ठेवलं होतं. का लावलं होतं याचा विचार मी मुद्दाम केला नव्हता.

दहाला पप्पांनी गाडी दारासमोर घेतली. त्यांनी पांढरा सदरा घातला होता. दादा निळ्या शर्टात, नीट भांग पाडून, पायरीवर बूट घालत होता. एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून तो बसून राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. लेसशी उगाच खेळत राहिला. बूट घालायला इतका वेळ लागत नाही.

“अरे चल ना बाबा, अकराचा टायम हाय,” पप्पा म्हणाले.

आई दह्याची वाटी घेऊन आली. दादाच्या तळव्यावर चमचाभर दही-साखर ठेवली, त्याने चाटली. वाटीत उरलं होतं. आईने नेहमीच्या सवयीने माझा हात धरून त्यावर ते ओतलं. “घे गं, टाकायचं कशाला. आन् तो गेला की त्याची गादी उन्हात टाक.”

दही हातावर गार होतं. ते मनगटाकडे घरंगळू लागलं. गादी म्हटल्यावर मला माझ्या गादीखालची फाईल आठवली, आणि काकूच्या शेतातलं ते वेगळं झाड, जे मी आधी पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. पप्पांनी किक मारली. गाडी पहिल्यांदा सुरू झाली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पाय उचलला. दादा दुसरा बूट हातात घेऊन अजून पायरीवरच होता. मला कळलं, आता गाडी सुरू झाली की माझा आवाज तिच्यापुढे चालणार नाही.

मनात वाक्य तयार नव्हतं. तीन दिवस जुळवलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. मी हातातलं दही तोंडात टाकलं, तळवा ओढणीला पुसला आणि दारात आले. आवाज फाटका निघाला, पण शेजारच्या मावशींनी गॅलरीतून खाली बघितलं, म्हणजे मोठा निघाला असणार.

“पप्पा, गाडी थांबवा. कॉलेजनं यादी दिली नव्हती, अर्ज मी केल्ता. त्यांनी मला बोलावलंय, अन् मला जायचंय.”